नव्या पाइपाचा वास

फैजने मातीची बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नसीमबानूंनी ती लगेच उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेली.

"जेवायच्या जागी गटारातली माती? इंजिनिअर झालास म्हणून रीतभात सोडलीस का रे?"

"गटारातली नाही दादी. मांजरी गावातली आहे. शाइस्ताफुफीच्या सोसायटीतली."

"मग तर अजून लांब ठेव."

रविवारची दुपार होती. खाली गल्लीतून मार्केट यार्डाकडून परतणारे टेम्पो हॉर्न वाजवत चालले होते. पाइपांच्या दुकानाचे शटर अर्धे ओढून नसीमबानूंचा मुलगा शाहिद वर आला होता, आणि वर आल्यापासून घड्याळाकडे बघत होता. जेवणे उरकली तरी कुणी टेबलावरून उठले नव्हते.

"उद्या सकाळी आठला गाडी भरायचीय," तो म्हणाला. "काळा पाईप की बिडाचा, एवढंच ठरवायचंय. पाच मिनिटांचं काम आहे."

ते पाच मिनिटांचे काम नव्हते, हे शाहिदलाही ठाऊक होते. नाहीतर त्याने बहिणीला, शाइस्ताला, मुलीसकट मांजरीहून बोलावून घेतले नसते.

शाइस्ताच्या सोसायटीत दोन विंगा. ए विंगची लोखंडी लाईन जुनी, गंजून चाळणी झालेली आणि नेमकी ड्रेनेजला खेटून गेलेली. पंधरा दिवसांत त्या विंगेतल्या अकरा पोरांना कावीळ झाली होती आणि दोघे अजून दवाखान्यात होते. बी विंगमध्ये मात्र एकही पोर आजारी नव्हते. कारण बी विंगची लाईन गेल्या वर्षी मे महिन्यात शाइस्ताच्या वडिलांनी, कादरमियाँनी, स्वतः उभे राहून बदलून दिली होती. मुलीचे घर त्याच विंगेत, म्हणून मजुरीही घेतली नव्हती. आता ए विंगच्या लोकांचे एकच म्हणणे होते: बी विंगला टाकला तोच पाईप आम्हाला टाका, आणि चार दिवसांत टाका.

"दादाजान, तुम्ही एकदा वास घ्या," फैज म्हणाला. त्याने बरणी पुन्हा आणली, पण या वेळी टेबलावर न ठेवता सरळ आजोबांच्या हातात दिली. "लॅबचा रिपोर्ट चार दिवसांनी येईल. त्याआधी तुमचं नाक काय म्हणतं ते कळू दे."

कादरमियाँनी झाकण फिरवले. माती काळसर होती, चिकट. त्यांनी बरणी नाकाशी नेली.

पेट्रोल. त्यात शंकाच नव्हती. पण त्यांनी लगेच दुसऱ्यांदा वास घेतला तो त्यामुळे नाही. हा वास त्यांना नवा नव्हता. रमजानात शाइस्ताकडे इफ्तारला गेले होते, तेव्हा नळाखाली पेला धरला होता आणि ओठाला लावण्याआधी हाच वास आला होता. इतका फिका की लक्ष दिले नाही तर जाणवणारही नाही. 'अब्बा, सुरुवातीपासून येतो हो असा,' शाइस्ता म्हणाली होती. आणि ते हसून म्हणाले होते, 'नव्या पाइपाचा वास आहे. जाईल महिन्याभरात.'

त्यांनी झाकण लावले. एकदा घट्ट केले, मग पुन्हा एकदा.

"काय?" शाहिदने विचारले.

"पेट्रोल आहे," ते म्हणाले. एवढेच म्हणाले.

"कुठून आलं?" शाइस्ताने विचारले.

"सोसायटी होण्याआधी तिथं ट्रकांचा तळ होता," फैज सांगू लागला. "उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. मालकानं स्वतःच्या जीपगाड्यांसाठी जमिनीखाली पेट्रोलची टाकी पुरली होती. तळ गेला, टाकी तशीच राहिली, आणि वर मुरूम पसरून बिल्डिंग उठली. सोसायटीत पत्ताच नव्हता कुणाला, गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. काल मी चाचणीचे तीन खड्डे घेतले. तिन्हींत हेच. पावसात जमिनीतलं पाणी वर चढलं की तेलही वर येतं."

"मग?" शाहिद म्हणाला. "माती घाण आहे म्हणूनच तर काळा पाईप टाकायचा. लोखंड गंजतं, हा गंजत नाही. दीडशे मीटरचं एकच वेटोळं, मधे सांधा नाही. ड्रेनेजचं पाणी शिरणार कुठून? अब्बांनीच शिकवलंय. सांधा कमी तेवढी भीती कमी. खरं की नाही अब्बा?"

कादरमियाँना पोरांना शिकवायची भारी हौस. फैजला त्यांनी अपूर्णांक शिकवले होते ते पाइपांच्या मापांवरून: अर्धा, पाऊण, एक, सव्वा. आलियाला पाण्याचा दाब समजावला होता तो न्हाणीघरात दोन बादल्या आणि एक नळी घेऊन. सांध्याचे हे वाक्य तर घरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेले. पण आज ते शाहिदच्या तोंडून आले तेव्हा त्यांना मान हलवता येईना.

"जंतूंसाठी खरं आहे," फैज म्हणाला. "पेट्रोलसाठी नाही. काळा पाईप प्लॅस्टिकचाच. पेट्रोल त्यातून झिरपतं. चार वर्षं कॉलेजात हेच शिकलो मी. अशा जमिनीत काळा पाईप टाकायचा नाही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा टाकायचा, आणि त्याची रबर रिंगसुद्धा तेल सोसणारी हवी."

"छिद्र नाही, चीर नाही, आणि झिरपतं म्हणे! भिंतीतून चालत जातं का तुझं पेट्रोल? आणि तसल्या रिंगांचा बिडाचा पाईप इथं यायला तीन आठवडे लागतात. तोवर त्या पोरांनी ड्रेनेज प्यायचं? त्यातलं एखादं गेलं तर तुझं कॉलेज जबाब देईल?"

इकडे आड, तिकडे विहीर. शाहिद कठोर नव्हता. काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन त्या दोन पोरांना तो बघून आला होता, हळदीने माखल्यासारखे डोळे झालेले, आणि रात्री जेवला नव्हता.

"भाईजानचं मला पटतं," शाइस्ता म्हणाली. ती सदाशिव पेठेतल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि तोलून बोलायची. "आमच्या विंगेत वर्ष झालं काळा पाईप आहे. एक पोर आजारी नाही. याहून मोठा पुरावा कोणता?"

"ऐकलंस?" शाहिद म्हणाला.

"काही त्रास नाही. वास येतो तेवढा. पण तो काय, नव्या..."

ती थांबली.

कादरमियाँ टेबलावरच्या एका डागाकडे बघत होते. त्यांना वाटले, आता तिने पुढे बोलू नये. निदान एक मिनिट तरी बोलू नये.

नेमक्या त्या वेळी नसीमबानू बोलल्या. लग्नाला पन्नास वर्षे झाली, पण पाइपांच्या गोष्टीत त्यांनी कधी तोंड घातले नव्हते. "शाहिद, मागच्या ईदच्या शेवया आठवतात?"

"अम्मी, आत्ता शेवया कुठून आल्या?"

"ऐक तर. डांबरगोळ्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून कपाटात ठेवल्या होत्या. शेजारी शेवयांची पिशवी. तीही बंद. ईदच्या सकाळी खीर केली आणि तू पहिला घास थुंकलास. म्हणालास, अम्मी, संडासाचा वास येतोय. मी दोन्ही पिशव्या पाण्यात बुडवून बघितल्या. बुडबुडा आला नाही एक. फाटली नव्हती रे कुठलीच. तरी गेला ना वास याच्यातून त्याच्यात?"

शाहिदने घड्याळावरची नजर काढून बरणीकडे बघितले.

"हेच," फैज हळू आवाजात म्हणाला. "दादी, अगदी हेच."

शाइस्ताचा चेहरा उतरत चालला होता. ती हिशोब जुळवत होती, आणि तो जुळू नये म्हणून धडपडतही होती. "फिल्टरवाला दोनदा म्हणाला मला, मॅडम, तुमच्याकडचा कोळसा दोन महिन्यांत संपतो, दुसऱ्यांकडे वर्षभर जातो. मला वाटलं, विकायची युक्ती असेल." ती फैजकडे वळली. "पण मी पाणी उकळते. रोज. वीस मिनिटं."

"उकळून जंतू मरतात, फुफी. हे जंतू नाहीत. हे वाफेबरोबर उडतं. म्हणजे पाण्यातून निघून स्वयंपाकघरात. आणि सगळं उडतही नाही."

आतल्या खोलीतून आलिया आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, गळ्यात बाटली अडकवलेली. काविळीची साथ आल्यापासून शाइस्ताची सक्त ताकीद होती: बाहेरचे पाणी प्यायचे नाही, आजोळीसुद्धा नाही. बाटली घरूनच भरून आणायची. आलियाने टोपण उघडले आणि बाटली तोंडाला लावली.

"थांब!"

कादरमियाँ इतक्या जोराने ओरडले की पोरीच्या हातून बाटली निसटता निसटता राहिली. या घरात त्यांचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. ते उठले. गुडघ्यातली कळ त्यांना जाणवलीही नाही. त्यांनी बाटली घेतली आणि नाकाशी धरली. मग शाइस्ताकडे दिली. शाइस्ताने वास घेतला आणि फैजकडे दिली. फैजने मातीच्या बरणीचे झाकण उघडून एकदा बरणीचा, एकदा बाटलीचा वास घेतला.

वास एकच होता.

"नाना, काय झालं?" आलिया रडकुंडीला आली. "मी काय केलं?"

"तू नाही बेटा." त्यांनी तिला जवळ ओढले. तिचे डोके त्यांच्या छातीशी आले आणि त्यांना तीन दिवसांपूर्वीचा फोन आठवला. शाइस्ता म्हणाली होती, सकाळी उठली की डोकं दुखतं म्हणते, चष्मा लागला असेल. लागलाही असेल. कोण सांगणार आता? "तू काही नाही केलंस. केलं ते मी."

"अब्बा, तुम्हाला काय माहीत होतं..." शाहिद म्हणू लागला.

"माहीत होतं." त्यांनी हात वर केला. "ऐकून घ्या सगळे, परत सांगणं व्हायचं नाही माझ्याच्यानं. चर खणला त्याच दिवशी मला वास आला होता. मी जेसीबीवाल्याला झापला, डिझेल सांडलंस म्हणून. तो म्हणाला, चाचा, माझ्या गाडीचं नाही, खाली उतरून बघा. मी उतरलो नाही. चाळीस वर्षं चरात उतरून हातात माती घेतल्याशिवाय पाईप टाकला नाही मी. त्या दिवशी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. सोसायटीवाल्यांनी छत्री धरली होती डोक्यावर. पुढं तू विचारलंस, पोरी, तेव्हा पुन्हा एकदा विचार करायची संधी होती. मी म्हणालो, नव्या पाइपाचा वास. आपल्या धंद्यात सगळेच म्हणतात. माझे वस्ताद म्हणायचे, म्हणून मी म्हणालो."

शाइस्ता रडली नाही. ती रडली असती तर बरे झाले असते, असे कादरमियाँना वाटले. "मी चोवीस घरांना सांगितलं, अब्बा," ती म्हणाली. "मला विचारायचे लोक. मी म्हणायची, माझ्या वडिलांनी सांगितलंय, काळजी करू नका. विज्ञानाची बाई म्हणून विश्वास ठेवला त्यांनी."

"हे बघा," शाहिद उठून दाराशी गेला, दार लोटून परत आला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि त्या खालच्या आवाजातली भीती सगळ्यांना कळली. "हे आत्ता कुठं बोलायचं नाही. चार दिवसांत रिपोर्ट येतोय. कदाचित इतकं काही निघणारही नाही. आत्ता बोंब झाली तर पुण्यात कुणी आपल्याकडून नळाची तोटी नेणार नाही. आलियाला इथंच ठेवू. फुकटची घबराट कशाला?"

"आलियाला इथं ठेवायचं," शाइस्ता म्हणाली, "आणि बाकीच्यांनी चार दिवस काय प्यायचं, भाईजान?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस," नसीमबानू म्हणाल्या. "तुझ्याच तोंडानं म्हटलंस. आता पुन्हा एकदा मनात म्हणून बघ."

शाहिदने म्हणून बघितले असावे. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड चोळले. मग त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"बिडाचा सांग," तो फैजला म्हणाला. "तेलाच्या रिंगांसकट. तीन आठवडे तर तीन आठवडे. दोन्ही विंगांना. आणि जारवाल्याला फोन लाव, आजपासून दोन्हीकडं जारचं पाणी. चला अब्बा."

मांजरीला पोचेपर्यंत ऊन कलले होते. सोसायटीच्या सेक्रेटरी नीरजाबाई फाटकाशीच उभ्या होत्या. शाइस्ताने गाडीतून फोन करून त्यांना सगळे सांगितले होते. निवृत्त बँकवाल्या बाई, आवाज कधी चढत नसे आणि त्यामुळेच लोक त्यांना वचकून असत.

"या," त्या म्हणाल्या. "ए विंगला कावीळ, बी विंगला पेट्रोल. आता लोकांना चिठ्ठ्या टाकून विंग निवडायला सांगते."

कादरमियाँनी मान खाली घातली. बी विंगच्या लाईनवरच्या जमिनीतल्या पेटीचे झाकण उचलून त्यांनी व्हॉल्व्हचे चाक धरले. फैज पुढे झाला, पण त्यांनी त्याला बाजूला केले आणि स्वतः फिरवले. जड चाक, बारा फेरे. शेवटच्या फेऱ्याला खालून येणारी घरघर थांबली.

"झालं?" नीरजाबाईंनी विचारले.

"नाही. गच्चीवरच्या टाकीत अजून उद्यापर्यंतचं पाणी आहे. फैज ती सोडून देतोय. पण घराघरांत भरून ठेवलेलं असणार. हंडे, बाटल्या, फ्रीज."

"ग्रुपवर टाकते."

"ग्रुपवर नको. टाकाच, पण त्यावर भरवसा नको. निम्मे बघणार नाहीत, बघतील ते म्हणतील अफवा आहे. मी दारोदार जातो."

"चार मजले आहेत, चाचा. लिफ्ट आज बंद आहे."

"पाईप टाकताना चार मजल्यांना टाकला होता," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितले. "लोक वाट्टेल ते बोलतील. मीच बोलणार होते, गाडी आली तेव्हा."

"मग बोला ना."

"तुम्ही चाक फिरवत होतात तेव्हा विसरले," त्या म्हणाल्या. "वरून सुरुवात करा. चौथ्या मजल्यावर लहान मूल आहे."

जिना चढताना शाहिद मागे होता. दुसऱ्या मजल्यावर कादरमियाँना धाप लागली. शाहिदने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि तो नंतर काढलाच नाही. एकेका दाराआडून टीव्हीचे आवाज येत होते, कुठे कुकरची शिट्टी, कुठे भांडी घासल्याचा खळखळाट. प्रत्येक दाराशी त्यांना वाटे की आत्ता, या क्षणी, आत कुणीतरी पाणी पीत असेल.

चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडणारी मुलगी पंचविशीची असेल. केस विस्कटलेले, ओढणी खांद्यावरून खाली घसरलेली. तिला ते ओळखीचे वाटले आणि ती मनापासून हसली.

"अगंबाई, शाइस्ताताईंचे बाबा ना तुम्ही? पाइपवाले? मी स्वराली. या ना आत. केवढे दमलात! लिफ्ट बंद असताना कशाला आलात, मी आले असते की खाली. बसा, बसा आधी."

त्यांना बोलायला श्वास पुरेना. तोवर ती आत गेलीही आणि स्टीलचा पेला घेऊन बाहेर आली. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग बोलायचे. तिला तिच्या घरच्यांनी तसेच शिकवले होते. कादरमियाँच्या आयुष्यात हजार घरांनी त्यांच्या हातात असा पेला दिला होता.

त्यांनी तो घेतला. पेला काठोकाठ भरलेला होता. शाहिद मागे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याने नजर दुसरीकडे वळवली.

आतून एक वर्षाचे पोर रांगत आले आणि उंबऱ्याशी बसले. त्याच्या हातात दुधाची बाटली होती, निम्मी संपलेली.

"बेटा," कादरमियाँ म्हणाले. "याचं दूध कुठल्या पाण्यात करतेस?"

"नळाच्याच," स्वराली म्हणाली. "ए विंगवाल्या माझ्या जावेला मी रोज म्हणते, आमच्याकडचं ने गं. तिच्या लेकीला कावीळ झालीय ना. तुमच्या पाइपाचं पाणी म्हणजे आम्हाला घोर नाही, काका. कालपासून दोन हंडे नेते ती."

कादरमियाँ वाकले. एका हाताने पेला सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताने पोराच्या मुठीतून बाटली हळूच सोडवून घेतली. पोर रडू लागले. स्वरालीचे हसू विरले आणि ती एक पाऊल मागे सरली.

"तुझ्या जावेला फोन लाव," ते म्हणाले. "आधी तिला सांग, ते पाणी ओतून दे म्हणून. मग बस इथं. का ते मी सांगतो, आणि सगळं सांगून होईपर्यंत मला काका म्हणू नकोस."